विरजण

दर महिन्याची पाच तारीख.
समाजमंदिरात सतरंजी, मधे लोखंडी पेटी,
माझ्या मांडीवर बचत गटाचं रजिस्टर.
हप्ता दोनशे. सहा तारखेला आला तर दोनशे दहा.
हे वरचे दहा ठरवताना सगळ्यांचे हात वर होते,
भरताना पदराखाली जातात.

मी सचिव. दहावी नापास, पण अक्षर वळणदार,
म्हणून आठवण द्यायचं काम माझ्याकडे.

फोनचं बरं असतं.
रात्री साडेअकराला थरथरतो:
प्रिय ग्राहक, आपले वीजबिल थकीत आहे.
प्रिय म्हणतो आणि पुढच्याच ओळीत लाइन कापतो.
(नवऱ्यानं मला प्रिय कधी म्हटलं,
ते सध्या राहू द्या.)

मला तसं जमत नाही.
ज्या दारात पैसे मागायचे
त्याच दारात उद्या बारसं, परवा माती.
म्हणून चार तारखेला दिवेलागणीला
मी वाटी घेऊन निघते.
"कौतिकाबाई, विरजण हाय का थोडं?"
मग बकरी व्याली का, बोडीत पाणी किती,
रोवणीला बाया मिळाल्या का.
निघताना उंबऱ्यावर
चपला जरा जास्तच वेळ शोधते.
"हो वो, याद हाय मले."
"काय याद हाय?"
"काही नाही. विरजण."

आठ घरांचं विरजण, अर्धा लिटर विकतचं दूध.
पाच तारखेला आमच्या घरी कढीच असते.

एकटी पंचफुला तितिरमारे दाद देत नाही.
नवरा नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर,
ठेकेदार त्याला आठ-नऊ तारखेला मोकळं करतो.
"लिही दंड," म्हणते, "अक्षर चांगलं काढ फक्त."
सोळा महिने, सोळा दंड,
लाल शाईत, एकाखाली एक.
तारीख हलवता आली असती.
कुणी मांडलं नाही. मीही नाही.

या महिन्यात तीन तारखेला
लाखांदूरला बिलाच्या रांगेत उभी होते.
खिडकीवर पर्स उलटी केली, चिल्लरसकट.
मागे पंचफुला होती.
ती काही बोलली नाही, पुढे सरकली.

चारला संध्याकाळी ती दारात,
हातात स्टीलची वाटी.
"विरजण हाय का वो?"
"तुया घरी तर म्हैस हाय!"
"नासलं," म्हणाली.
पोराची शाळा विचारली, सासूचा गुडघा विचारला,
मग उंबऱ्यावर चपला शोधत राहिली.
आली होती अनवाणी.

मी हसले. वाटी भरून दिली. जेवले, झोपले.

पाचला रजिस्टर उघडलं, बारा नावं पुकारली.
तेरावं माझं.
कमरेची चंची चाचपली तेव्हा कळलं
दोनशे त्या प्रियला गेले होते,
आणि विरजण कुणाच्या घरी लागणार होतं.

सतरंजीवर कुणी खोकलंसुद्धा नाही.
कौतिका पेटीच्या कुलुपाकडे बघत होती.
"लिही," पंचफुला म्हणाली,
"अक्षर चांगलं काढ."

काढलं.
मग पान उलटून पुढच्या बैठकीचा विषयही लिहिला:
हप्त्याची तारीख दहा करणेबाबत.
सूचक: मी.
अनुमोदकाची ओळ कोरी ठेवली आहे.
उद्या वाटी घेऊन जाईन म्हणते.