ज्या उन्हाळ्यात ‘बघू’ म्हणायचं नव्हतं

त्या वर्षी आईने घरात एका शब्दाला बंदी घातली: बघू.
कुंपण? बघू पुढच्या वर्षी. विहिरीचं झाकण? बघू.
सॉनाची मोडकी पायरी तर
ओस्मो आणि मी शाळेत होतो तेव्हापासून
त्या ‘बघू’त पडून होती.

मे महिन्यात योएन्सूच्या डॉक्टरांनी सांगितलं,
दोन हिवाळे, फार तर तीन.
नजरेचा मधला भाग आधी जाईल,
कडा राहतील काही दिवस.
परतताना गाडीत आई म्हणाली,
खडीवाल्याचा नंबर कोणाकडे आहे?

ओस्मोने शहरातल्या फ्लॅटचं माहितीपत्रक आणलं.
तिसरा मजला, बोलणारी लिफ्ट, खाली औषधांचं दुकान.
आईने ते नाकाशी धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं,
चौघडी घातली
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.
ओस्मो चिडला. मनातून मीही त्याच्याच बाजूची होते,
हे इथं लिहून ठेवते.

जूनमध्ये रात्री अकरालाही अंगणात इतका उजेड
की थांबायला निमित्त सापडेना.
फावडी दोन, माणसं पाच,
सहा वर्षांच्या पिहलाला धरून.
डास मोजले नाहीत.

आईचा सगळा आराखडा पायांसाठी होता.
दारापासून विहिरीपर्यंत खडी, म्हणजे वाजेल.
पुढे सॉनापर्यंत फळ्या, टाचेला पोकळ लागतील.
लाकडांच्या खोपटाकडे भुसा, पाऊल बुडेल.
वाट वळते तिथे पुदिना:
चुकून तुडवला तर तोच बोंब मारेल.
रुबार्बचा गड्डा आडवा येत होता, तो हलवला.
तीन दिवस मान टाकून बसला,
चौथ्या दिवशी राग विसरला.

पिहला डोळ्यांवर आजोबांचा मफलर बांधून
रोज संध्याकाळी परीक्षा घ्यायची.
आजी, इथे वाट खोटं बोलते, म्हणायची,
की आम्ही तेवढी वीतभर पुन्हा उकरायचो.

बाबा बोलत नाहीत.
आमच्या गावात याला आजार समजत नाहीत.
ते खांब ठोकत गेले,
आणि खांबाखांबाला, कमरेच्या उंचीवर,
होडीची जुनी निळी दोरी.

जुलैत सफरचंदाचं रोप.
फळ सहाव्या वर्षी, रोपवाटिकेतली बाई म्हणाली.
आईने बोटं मोजली.
फुलं नाही तर नाही, मधमाश्या तर ऐकू येतील.
तेउवो, खड्डा अजून खोल कर.

ऑगस्टमध्ये बाबा दुपारी दिसेनासे झाले.
तिसऱ्या दिवशी मी दोरी धरून निघाले.
खोपटापाशी ती संपायला हवी होती, आराखड्यात तसंच होतं.
ती संपली नव्हती.
बर्चच्या झाडांमधून,
ओढ्यावर दोन नव्या फळ्या आणि एक कठडा,
मग चढ,
मग केर्ट्टूबाईंची मागची पायरी.
तिथे बाबा गुडघ्यावर बसलेले,
दोरीचं शेवटचं टोक हातात.
हिवाळ्यात हिला कॉफीला कोणी तरी लागेल,
एवढंच म्हणाले.
तुम्ही असालच की, हे मी म्हणायला हवं होतं.
मी गाठीवर बोट ठेवलं.
त्यांनी ती ओढून पक्की केली.

सप्टेंबरात पहिला खरा काळोख पडला तेव्हा
आईने अंगणातला दिवा स्वतः मालवला
आणि सरपण आणायला निघाली.
आम्ही चौघं स्वयंपाकघरात, चमचा न वाजवता.
खडी. खडी. थोडा वेळ विहीर.
मग फळ्या, ठक्क ठक्क,
पुदिना नाही.
आणि मग काहीच नाही.

भुशावर पाऊल वाजत नाही,
हे अख्ख्या उन्हाळ्यात कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.
ओस्मो उठला. बाबांनी बाही धरून त्याला खाली बसवलं.
घड्याळ चालू होतं. पिहलाने डोळे मिटून घेतले होते.

मग लांबून, लाकडावर लाकूड.
एक.
दोन.
एका खेपेला ती सहा आणते.
आम्ही मोजत राहिलो.