जूनमध्ये उरलेले

एप्रिल संपता संपता उत्तरेकडचे सगळे निघून जातात.
खुर्च्या मिटतात, पाण्याच्या नळ्या गुंडाळतात,
कुत्र्यांना पुढच्या सीटवर बसवतात,
आणि युमाच्या या कोपऱ्यात, एकशेचाळीस जागांच्या पार्कात
आम्ही उरतो एकवीस.
कुणाची चाकं जमिनीत रुतलेली,
कुणाकडे पेट्रोलपुरतेही पैसे नाहीत,
कुणाची तिकडे, थंडीत, कुणीच वाट बघत नाही.

माझा धंदा यांच्यावर चालतो.
छपरं पांढरी करते मी.
शिडी माझी, रोलर माझा, डबा तुमचा.

हार्लन प्रुइटचा ट्रेलर सत्याऐंशी सालचा.
कडेचा तपकिरी पट्टा उन्हाने खाऊन टाकलाय.
पहाटे साडेचारला चढले. पत्रा रात्रभर निवूनही कोमट,
तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा.
काल साबणाने घासून ठेवला होता:
तीन वर्षांची धूळ, पारव्यांचा हिशेब,
कुणाची तरी गोल्फची एक गोटी.
सांध्यांवर पट्टी, पट्टीवर लेप,
झरोक्याच्या भोवती बोटाने,
तिथे ब्रशवर विश्वास ठेवायचा नसतो.

"मारिबेल!"
आवाज खालून येतो, पिंपात बोलल्यासारखा.
"आता तू माझ्या पलंगावर आहेस!"
मग स्वतःच खोकत हसतो.
नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरतंय.
बाहेर येणं त्याला झेपत नाही,
म्हणून झाडूच्या दांड्याने छताला खालून ठोकतो.
इथे. ठक.
इथे तापतं. ठक ठक.
आणि इथे तर दुपारी दोनला अंडं तळ.
मी त्या आवाजामागून रोलर नेते.
अकरा वर्षं तो या छताकडे बघत पडलाय,
त्याला ते पाठ आहे.
मला फक्त त्याची उलटी बाजू माहीत.

न्हाणीवर आले तर ठोकणं बंद.
"तिथून हळू जा," दबक्या आवाजात,
"वासे कुजलेत. पार्कवाल्याला बोलू नकोस."

डब्यावर लिहिलंय, शंभरातले पंच्याऐंशी किरण परत.
उरलेल्या पंधरांचं काय, मी दुकानात विचारलं होतं.
पोरगा म्हणाला, तेवढे पाहुणे घरात घ्यावेच लागतात.

पहिला हात उभा. सात वाजता खाली उतरले,
कारण सातनंतर ते पांढरं डोळ्यांत घुसतं,
काळ्या चष्म्यालाही जुमानत नाही.
दुसऱ्या दिवशी दुसरा हात, आडवा.
त्या दिवशी तो दोनदाच ठोकला.
दुसऱ्यांदा तर इतकं हळू
की मला वाटलं, माझ्याच गुडघ्याखालची फळी वाजली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पैसे घ्यायला गेले.
दार वाजवलं.
परत वाजवलं.
पायरीवर उभी, डोक्यावर एकशेबारा डिग्री,
आणि पोटात मात्र गार गोळा.
यंत्राची गुरगुर ऐकू येत होती, पण यंत्राचं काय,
ते कुणासाठीही गुरगुरतं.
खिडकीच्या फटीला डोळा लावला.
भिंतीवरचा काटा शहाऐंशीवर,
गेल्या आठवड्यात याच वेळी तो शंभराच्या पुढे होता.
हार्लन आडवा, तोंड उघडं,
झाडूचा दांडा छातीवर,
आणि छाती तो दांडा वर उचलत होती,
खाली ठेवत होती, वर उचलत होती.
घोरत होता बाबा.

पैसे उद्या.
शिडी खांद्यावर घेतली, कुठेही आपटू न देता,
आणि निघाले एकोणसाठ नंबरकडे, मिसेस ऑल्स्टॅडच्या छपरासाठी.
सकाळी तिने आधीच सांगून ठेवलं होतं:
माझा हात छताला पोचत नाही,
मी खालून नुसत्या शिव्या घालीन, चालेल?

चालेल, म्हटलं.
फक्त जिथे तापतं, तिथे जरा मोठ्याने.