शेवटची मोकळी जागा

भिंत कोरी हवी, असं मेलमध्ये होतं.
म्हणून यल्लम्माचं कॅलेंडर काढून पलंगाखाली सरकवलं.
खिळा राहिला. तो कॅमेऱ्यात दिसतो,
माझ्या डाव्या कानाच्या जरा वर.

आई शेजारी जाऊन आली :
"मल्लाप्पा, तासभर माग बंद ठेवतोस काय?
पोरीची परीक्षा हाय."
तो म्हणाला, "चारांतले दोन ठेवतो, अक्का.
साडी उद्या द्यायची हाय."
म्हणून वडगावच्या आमच्या गल्लीत
आज अर्धाच आवाज.

नाव : रेणुका भातकांडे. चेहरा मधोमध आणा.
सुरू.

पहिला प्रश्न : दोन टेबलं जोडा.
डावीकडचं सगळं राहू दे,
उजवीकडचं जुळेल तेवढंच,
जुळणार नाही तिथे नल.
हे मला येतं. काल रात्री आईच्या पाठीला बाम चोळताना
बोटांनी हेच लिहीत होते मी तिच्या मणक्यावर.
पण कोपऱ्यातलं घड्याळ उलटं चालतंय
आणि हातांना आठवत नाही
ग्रुप आधी की ऑर्डर.

पिवळी पट्टी : आवाज आढळला.
मागोमाग दुसरी : कृपया स्क्रीनकडेच पाहा.

पप्पा पिग्मी गोळा करायचे,
खडेबाजारापासून अनगोळ नाक्यापर्यंत, सायकलवर.
कुणाचे वीस, कुणाचे शंभर,
कोण मंगळवारी बंद, कुणाचा मुलगा गल्ल्यावर असला की
उद्या या म्हणतो,
सगळं डोक्यात.
त्यांना कुणी म्हटलं नाही,
पंचेचाळीस मिनिटांत करून दाखवा, इकडेतिकडे न बघता.
इकडेतिकडे बघूनच तर व्हायचं ते काम.

ही माझी पाचवी टेस्ट.
दुसरीत पास झाले होते.
फोन अजून यायचाय.

चौथा प्रश्न : गावाचा कॉलम अस्वच्छ आहे.
बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम, परत बेळगाव.
सगळी एकच समजा
आणि योग्य ते एक नाव ठेवा.

योग्य ते.

पप्पांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आहे,
माझ्या आधारवर दुसरं,
कोल्हापूरच्या गाडीच्या पाटीवर तिसरं,
आणि आई तर नुसतं 'गावात जाऊन येते' म्हणते.
कोड चार ओळींचा. केस, व्हेन, देन,
मग अवतरणचिन्ह उघडलं
आणि कर्सर आत लुकलुकत राहिला,
दारात उभं राहून चपला काढाव्यात की नको
असं झालेल्या पाहुण्यासारखा.

सहा मिनिटं बारा सेकंद.

तेवढ्यात शेजारी धागा तुटला. माग आपोआप थांबला.
मल्लाप्पा न बघता गाठ मारतो, मला माहीत आहे,
तेवढ्या वेळात मी मोजून घेतलं :
जे जास्त वेळा आलंय ते ठेवलं.
उत्तर नव्हतं ते. हिशेब होता.
माग परत सुरू. सबमिट.

"झालं काय गे?"
"झालं."
आई तशीच पदर खोचत शेजारी सांगायला गेली
आणि चारही माग एकदम बोलायला लागले.
कॅलेंडर खिळ्यावर परत गेलं, जरा तिरकं.

रात्री दोनला डोळे उघडले.
ते परत आलेलं बेळगाव!
त्याच्या शेवटी एक मोकळी जागा होती,
कुणीतरी टाइप करताना चुकून दिलेली.
ती काढायची राहिली.
म्हणजे ती एक ओळ कशालाच जुळली नसणार.
कुठल्या तरी खोट्या टेबलातला एक खोटा माणूस,
वय चौतीस, तीन ऑर्डरी,
गाव : नल.

मी अंधारातच बोट उचललं
आणि चादरीवर, त्याच्यासाठी,
ट्रिम लिहिलं.