मागाच्या जागी

माग गेले ते मंगळवारी. दोन्ही.
भंगारवाल्यानं वजनावर घेतले.
टेम्पो वडगावच्या वळणाला लागला
तरी एक कांब मागं लोंबकळत
रस्त्याला काहीतरी सांगत गेली.

खोलीत राहिली आठ भोकं,
फरशीत, बोल्टांची.
त्या रात्री झोप लागली नाही.
बत्तीस वर्षं खडखडाटात झोपलो मी,
दोन बाळंतपणं काढली, ताप काढले,
जाग यायची ती माग थांबला की:
कुठं तरी धागा तुटला असणार.
आता कोण उठून बघणार, कुठला ते.

पुण्याहून लेक म्हणते,
"आई, झोपलो काय, झोपले म्हण.
बायका असं बोलत नाहीत."
बोलतात की.
आमच्या खासबागेत बोलतात.
खरं तिच्या सासूसमोर मी हल्ली
क्रियापद गिळून टाकतो.
वाक्य अर्ध्यात राहतं,
लोकांना वाटतं, दुःख आहे.

गुरुपाद. आता नाव घ्यायला कुणाची लाज.
तो कानडीत भांडायचा, मी मराठीत.
दोन मागांसारख्या दोन भाषा
शेजारी शेजारी चालायच्या,
एकीला दुसरीचं ऐकायला सवड नसायची.
बाहेर मोर्चे निघाले, पाट्यांना काळं लागलं,
एस्ट्या हद्दीवर अडकल्या,
आमचं भांडण आमटीतल्या मिठावरनंच.
लाडात आला की मराठी बोलायचा, मोडकी.
मी रागात कानडी.
ती सगळी आता तोंडात पडून आहे,
शिव्यांसकट,
वापरायला माणूस नाही.
भाजीवाल्याशी बोलतो, रविवारच्या बाजारात.
खरं भाव करायची कानडी वेगळी
आणि "जरा पाठ खाजव" म्हणायची वेगळी.

त्यांच्यात एकट्याला ओंटी म्हणतात.
एकट्या बैलाला, एकट्या घराला.
गंगव्वा म्हणाली होती कट्ट्यावर, माझ्याबद्दल,
मला ऐकू येणार नाही अशा बेतानं.
मी तो शब्द घरी आणला,
गॅसच्या पावतीमागं मराठीत लिहून बघितला.
टिंब पुसलं की ओटी होते.
एवढंसं टिंब.
संक्रांतीला समोरच्या घरी हळदीकुंकू झालं,
ओटीचे गहू माझ्या दारावरनं पुढं गेले.
मी दार लावून घेतलं नाही.
लावलं असतं तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

रेडिओ लावून बघितला, धारवाड केंद्र.
बियाणं, बातम्या, कुणाकुणाचे वाढदिवस,
सगळं सांगतो,
विचारत मात्र काही नाही.

मग शनिवारी गंगव्वा आत आली, चप्पल न काढता.
"ऊट आतेन?"
झालं की जेवण, मी म्हणालो.
"कानडीत सांग," म्हणाली,
"मराठीत तुझं खोटं मला पकडता येत नाही."
कानडीत सांगायला गेलो
आणि काहीच सांगता येईना.

तिनं भाकरी आणली, पुंडीची भाजी आणली,
मी खाईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसली,
मागच्या वर्षीचं.
मग माझ्या मांडीवर ओतल्या
किलोभर पावट्याच्या शेंगा.
तांदूळ नाही, नारळ नाही, खण नाही.
"सोल. मला डोळ्यानं दिसत नाही."
चांगलं दिसतं तिला.

दिवे लागेपर्यंत सोलत होतो.
पावट्यात गूळ घालायचा की नाही
यावरनं आमचं वाजलं थोडं,
उरलेलं उद्या, म्हणाली.
उठताना मांडीवरनं एक दाणा निसटला,
घरंगळत गेला
आणि डाव्या मागाच्या तिसऱ्या भोकात बसला.
नखानं निघेना. सुईनंही नाही.

केर काढताना दिसतो रोज, एवढासा.
आज बघितलं तर
फुगलाय जरासा.