एकशे तीस मिलिमीटर

शोरूममधल्या पोराने किल्ली दिली
ती माझ्या भाच्याच्या हातात.
भाचा म्हणाला, माझी नाही, मावशीची.
पोरगा हसला, आणि अदबीने
मला मागचं दार उघडून दिलं.

बसले मागे. दोन मिनिटं, बसून पाहिलं.
चामडं गार, मऊ,
नव्या चपलांच्या दुकानासारखा वास.
मग उतरले, वळसा घालून पुढे आले
आणि सीट ओढली पार स्टिअरिंगपर्यंत,
माझे पाय आखूड आहेत.

अंबडला माझा स्प्रिंगांचा कारखाना आहे
हे त्याला सांगितलं नाही.
एवढंच विचारलं:
पुढच्या स्प्रिंगची तार किती जाडीची?
तो म्हणाला, मॅडम, आतमध्ये
चौसष्ट रंगांचे लाइट येतात.

या पैशांत एक कॉयलिंग मशीन आलं असतं.
दिवसाला चाळीस हजार नग, वर एक ऑपरेटर.
हा हिशेब मी सही करताना केला,
सही केल्यावर पुन्हा केला.
दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.
सही खोडली नाही.

नवश्या गणपतीला नेली.
लिंबं चिरडली, नारळ फुटला,
आणि परतताना उतारावरच
पोटाला पहिला ओरखडा.
खैरनार वहिनी म्हणाल्या, एवढ्यात उंच गाडी येते की,
चढून बसायची, चार लोकांत दिसते तरी.
खरंय. हिच्यातून उतरताना
उजवा गुडघा मोठ्याने बोलतो.

जमिनीपासून एकशे तीस मिलिमीटर.
माझी वीतसुद्धा नाही.
पाथर्डी फाट्यापासून कारखान्यापर्यंत अकरा गतिरोधक,
त्यातला सातवा कोणी रात्रीतून घातलाय,
ना पांढरा पट्टा, ना पाटी.
तिथे हिरामण पुढे उतरतो,
रस्त्यावर गाल टेकवल्यासारखा वाकतो,
येऊ द्या, येऊ द्या, तिरकी घ्या, अजून तिरकी,
आणि मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवतात.
सातपूरहून याच अंबडला मी यायचे,
लूनाच्या पायाशी तारेचं बंडल.
तेव्हा गतिरोधक मोजले नव्हते.

रविवारी पहाटे एकटीच निघते.
ओझर मागे पडतं, अंधारातच.
पिंपळगावच्या टोलवर टॅग लागला नाही,
केबिनमधला वाकला, आणि माझ्याशी बोलता बोलता
मागच्या सीटवर मालक शोधत राहिला.
पुढे द्राक्षांचे कंटेनर, कांद्याचे ट्रॅक्टर,
मग रस्ता मोकळा.
किती पळवली ते लिहीत नाही.
दंडाचा मेसेज आलाय, त्यात आहे.

राहूडच्या घाटात एक वळण
मी जरा जास्तच जोरात घेतलं.
गाडी झुकली म्हणेपर्यंत सरळ.
डावीकडची पुढची दाबली, सुटली,
आणि ते मला कमरेत कळलं,
बेंचवर नग दाबताना तळहाताला कळतं तसं.
एकतीस वर्षं हेच तर विकलं:
दाबलं की परत येणं.
रिक्षांसाठी, मोटरसायकलींसाठी,
एका मंदीच्या वर्षी बॉलपेनांसाठीही, पैशाला एक.
स्वतः कधी बसून पाहिलं नव्हतं त्यावर.
घाट उतरून चहा घेतला. हात थरथरत होते,
बशीत सांडला तो तसाच प्यायले.

सोमवारी दुसरी पाळी सुटल्यावर
गाडी मेंटेनन्सच्या खड्ड्यावर घेतली.
हिरामण बॅटरी धरून, मी गोणपाटावर उताणी,
हातात व्हर्नियर.
तेरा पॉइंट दोन, मी म्हटलं.
हिरामणने बोटाने तारेवर अलगद टिचकी मारली,
कान लावला.
आपण केली असती, म्हणाला.
केली असती रे, पण हे पॉलिश बघ,
हे आपलं येत नाही अजून.
अजून, म्हणाला तो.

तेवढ्यात फोन. शोरूम.
गाडी कशी वाटतेय मॅडम?
आणि सर? सर खूश आहेत ना?

कोपरावर तेलाचा एक थेंब पडला.
म्हटलं, थांबा हं,
सर गाडीखाली आहेत.