पट्टीखालची बाकी

भांगाचे दिवस. पाणी अळशी,
जेटीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येतं, जांभई देतं, परततं.
होडी माडाच्या दोन ओंडक्यांवर, कुशीवर,
जशी बाबांना शेवटी शेवटी
निजवत असू आम्ही, पाठ सोलू नये म्हणून.

डाव्या अंगाची धक्कापट्टी काढायची आहे.
चाळीस वर्षं हिने रट्टे खाल्ले
जेटीचे, टायरांचे, शेजारच्या होड्यांचे,
पलीकडे उतरणाऱ्यांच्या घाईचे,
एकदा रुखवतातल्या लोखंडी कपाटाच्या कोपऱ्याचा.
(इथे, या खाचेत बोट घाला. हाच तो.)
पूल झाला त्या वर्षी तर बंद पडली.
पट्टी तशीच पुढे आलेली राहिली,
धक्का द्यायला कुणी नसतानाही.

खिळे तांब्याचे, हिरवे पडलेले.
चौतीस निघाले, सहा लाकडातच तुटले.
एकाला मी घाणेरडी शिवी दिली
आणि आजूबाजूला पाहिलं.
एक बगळा होता. तो काही बोलला नाही.

मग पट्टी सुटली, एका टोकाकडून, हळू,
फणसातून गरा सुटावा तशी,
जुन्या डांबराच्या चिकासकट.
खाली, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं,
मूळ रंग होता.
मला वाटायचं, होडी पहिल्यापासून निळी.
नव्हती. पोपटी होती, भाताच्या तरव्यासारखी.
आणि त्या पोपटीवर सुताराची पेन्सिल:

"पाटफणस १४ हात. खिळे ४०.
बाकी रु. १७॥. आबू तारी देतलो म्हणता."

नोंदणी कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं काढली.
लोकांच्या जमिनींवर बोजे चढवले, उतरवले.
आमच्यावरचा हा कुठल्याच उताऱ्यात नव्हता.

सगुण मेस्त्री जाऊन एकवीस वर्षं झाली.
नातू लवू पिरावाडीत फायबरच्या होड्या ओततो,
नाकाला फडकं, कोपरापर्यंत काचेची कुसळं.
साडेसतरा रुपये मोजून त्याच्यापुढे धरले.
तो फडक्याच्या आत हसला.
"व्याज लायलंय तर होडी माझी होतली गो ताई."
घेतले नाहीत. नको म्हणालाही नाही.
हात पुसत विचारलं, "बाफ कशी काढतलस?"

रविवारी आला तो आजोबांचा रंधा घेऊन,
जो त्याने कधी लाकडावर चालवला नव्हता.
चुलीवर उकड्या तांदळाचा टोप,
त्यातून पीव्हीसीचा पाइप, सांध्यांना ओली कणीक.
पहिली फळी नाळेच्या वळणावर मोडली.
काड्कन. हजार रुपये.
आम्ही चहा प्यायलो.
कुणी त्यातून काही बोध काढला नाही.

दुसरी दीड तास ठेवली.
निघाली ती मऊ, घामाघूम, पेजेचा वास मारत,
आणि हातात वेळ पाच मिनिटांचा.
शिकंजे चार. हवे होते अकरा.
उरलेले सात म्हणजे लवूचे दोन गुडघे, माझी पाठ,
सलमा सोलकरचे दोन हात
(बाजाराला निघाली होती, टोपली वाटेतच टाकून धावली),
एक नायलॉनची दोरी,
आणि सातवं काय ते आता आठवत नाही, पण धरलं होतं.
लाकडाने थोडं नाही म्हटलं. मग वळलं.

सकाळी शिकंजे सोडले, पट्टीला आतून-बाहेरून
उंडीचं तेल पाजलं.
आणि बसवण्याआधी, त्या पोपटी जागेवर,
जुन्या अक्षरांच्या खाली, मी लिहिलं:

"पाटफणस १४ हात. खिळे ४०, पैकी जुने ३४, ठोकून सरळ.
बाकी रु. १७॥. शालन तारी देतली म्हणता."

लवूने वाचलं.
पहिला खिळा चिमटीत धरला,
आणि म्हणाला, ठोक.