सहा ठिपके

कॅमेरा सुरतेच्या एका डॉक्टरचा, जुना, जर्मन.
भिंग जपानी, त्याहून कितीतरी स्वस्त.
दोघांचं पितळ पितळात बसलं, टक्कन वाजलं,
पण ओळख नाही.
कॅमेरा विचारायचा : कोण?
भिंग गप्प.
आणि रुंद चौकटीच्या दोन्ही कडा
लालसर व्हायच्या, संशय आल्यासारख्या.

एरवी चाललं असतं.
पण मी नंदुरबारचा.
इथे गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात,
नजर जाईल तिथवर लाल.
त्यात मिरचीचा लाल किती
नि भिंगाचा किती,
हिशेब लागेना.

गजमल मिस्तरीने कडी लेथवर धरली,
सहा खळगे पाडले, तिळाएवढे.
सुपारी गालात सारून म्हणाला,
"बंदूकनं काम शे का हाई?"
नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून
थेंबभर काळा आणला, थेंबभर पांढरा,
आगकाडीच्या टोकाने ठिपके भरले
एका जर्मन भिंगाच्या नावाचे.
नजर तेवढीच रुंद,
घराणं महागडं.

कॅमेऱ्याच्या गळ्यातल्या बारीक डोळ्याने
ते वाचलं, आणि पडद्यावर
दुसऱ्याचं नाव उमटलं.
भिंगाने हू की चू केलं नाही.
कडा निवळल्या.
डावीकडे एक हिरवट झाक उरली,
ती मी अजून कुणाच्या खात्यावर टाकलेली नाही.

पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका,
तोंडाला फडकी, डोळे तेवढे उघडे.
एकीने भिंग मागून घेतलं, उलटं केलं,
आपल्या मनगटावरचं गोंदण त्याच्याशेजारी धरलं.
"याले भी गोंदेल शे?"

तेवढ्यात मुकादम हजेरी घेत आला.
"सायकीबाई वळवी."
"हाय," ती म्हणाली.
शेजारची फडक्याआड हसली.

मागून कळलं, ही जेमा.
सायकी तिची नणंद, तापाने पडलेली.
तिची जागा जाऊ नये म्हणून
ही पंधरा दिवस सायकी आहे.
खुडते मात्र जेमासारखी, डाव्या हाताने.

मी नजर लावली.
मधल्या पिवळट चौकोनात दोन जेमा,
एकमेकींपासून बोटभर सरकलेल्या.
कडं फिरवलं.
एक झाली.
ठसका आवरला, टिपली.

रात्री फाईल उघडली.
तारीख बरोबर, उजेड बरोबर,
भिंगाच्या जागी ते उसनं नाव.
खाली माणसाच्या नावाची ओळ रिकामी.
तिलाच विचारू म्हटलं.

सोमवारी छापून घेऊन गेलो.
जेमा नव्हती.
तिच्या जागी खरी सायकी बसलेली,
गाल बसलेले, उजव्या हाताने खुडत.
तिने फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला.
फडकं, डोळे, मागे सगळं लाल.
"मीच शे ना," म्हणाली,
आणि पदराला हात पुसून
ठेवून घेतला.